टेक्नो म्हणजे ‘यंत्रांनी वाजवलेला जॅझ’? कशावरून?

मंद्रस्वर (धागाकर्ता)

‘टेक्नो : जॅझची यंत्रयुगातली लेक’ हा लेख वाचला. (टेक्नो म्हणजे ड्रम मशीन आणि सिंथेसायझरवरचं नाचाचं संगीत.) त्यात तीन मुद्दे आहेत. एक, दोन्ही संगीतं कृष्णवर्णीय अमेरिकनांनी घडवली आणि डेट्रॉइट हे दोघींचं माहेर. दोन, दोन्हींत तेच ‘जॅझी’ कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर). तीन, दोन्ही उत्स्फूर्त. खाली ‘अप्रतिम’, ‘डोळे उघडले’ अशी रांग. एकानेही विचारलं नाही, की बाबा रे, कशावरून?

पहिल्या मुद्द्याचा पूर्वार्ध बरोबर आहे, उत्तरार्ध चूक. डेट्रॉइटने जॅझला पॉल चेंबर्स, रॉन कार्टर, टॉमी फ्लॅनगन, बॅरी हॅरिस दिले हे खरं, पण माहेर न्यू ऑर्लिन्स. आणि टेक्नोचे जनक हुआन ॲटकिन्स, डेरिक मे, केव्हिन साँडरसन यांच्या कानावर काय पडत होतं? डेट्रॉइटचा निवेदक इलेक्ट्रिफाइंग मोजो याच्या रेडिओ कार्यक्रमातलं क्राफ्टवेर्क, पार्लमेंट-फंकाडेलिक, प्रिन्स. ॲटकिन्सच्याच सायबोट्रॉनचं ‘क्लिअर’ १९८३चं, त्याच्याच मॉडेल ५००चं ‘नो यूएफओज’ १९८५चं. त्यात जॅझ शोधणं म्हणजे बादरायण संबंध.

आता कॉर्ड. टेक्नोतला तो टिपिकल स्टॅब (कॉर्डचा आखूड फटका) कसा बनतो? डी मायनर नाइन्थ एकदा वाजवायचा, सॅम्पल करायचा (तेवढा तुकडा ध्वनिमुद्रित करायचा) आणि मग एका बोटाने कीबोर्डवर वरखाली न्यायचा. जॅझमध्ये डी मायनर सेव्हन्थवरून जी सेव्हन्थला जाताना वरचा सी अर्ध्या स्वराने उतरून बी होतो. त्या एका स्वरासाठी सगळा खटाटोप असतो. तुमचा सॅम्पल ‘जी’च्या पट्टीवर दाबला की जी मायनर नाइन्थ येतो. म्हणजे बीच्या जागी बी फ्लॅट. ज्या स्वराने पुढच्या कॉर्डची ओढ लागते तोच गायब. शिवाय सॅम्पल पाच अर्धस्वर वर नेला की १.३३ पट वेगाने धावतो, ४०० मिलिसेकंदांचा स्टॅब ३००वर येतो. म्हणून त्या ट्रॅक्समध्ये वरचे स्टॅब तुटक आणि खालचे लोंबलेले ऐकू येतात. ही गंमत छान आहे, पण ती सॅम्पलरची. जॅझचा तिच्याशी काय संबंध?

उत्स्फूर्ततेवर नंतर बोलू. आधी या दोनांवर कोणी काही बोलतंय का पाहतो.

तिसरी टर्नटेबल

अर्धवट यादी देऊन निकाल लावायचा आणि वर ‘कोणी बोलतंय का’! १९८५ला थांबलात म्हणून जॅझ दिसला नाही. पुढे या.

अंडरग्राउंड रेझिस्टन्स, डेट्रॉइटचा टेक्नो गट. मॅड माइक बँक्स, जेफ मिल्स, रॉबर्ट हूड. १९९२च्या ‘वर्ल्ड टू वर्ल्ड’वर ‘ज्युपिटर जॅझ’, १९९३ला गॅलक्सी टू गॅलक्सीचं ‘हाय-टेक जॅझ’. नावं त्यांनी स्वतः ठेवली आहेत, कोणा लेखकाने चिकटवलेली नाहीत. डेट्रॉइटचा टेक्नोवाला कार्ल क्रेग याच्या इनरझोन ऑर्केस्ट्राचं ‘बग इन द बासबिन’ १९९२चं. १९९९च्या ‘प्रोग्रॅम्ड’वर ड्रमला फ्रान्सिस्को मोरा कॅटलेट, म्हणजे जॅझवाल्या सन राच्या ‘आर्केस्ट्रा’ या बँडमध्ये वाजवलेला माणूस. २००३ला ‘द डेट्रॉइट एक्सपेरिमेंट’, निर्माता क्रेग, ट्रम्पेटवर मार्कस बेलग्रेव्ह, पियानोवर जेरी ॲलन, व्हायोलिनवर रेजिना कार्टर. २००९ला ट्राइबचं ‘रिबर्थ’, पुन्हा क्रेगच. फिल रॅनेलिन आणि वेंडेल हॅरिसन, सत्तरच्या दशकातली डेट्रॉइटची जॅझमंडळी.

लेक नसेल. पण इतकी ये-जा असलेल्या दोन घरांना तुम्ही अनोळखी म्हणताय.

मंद्रस्वर

अनोळखी म्हणालोच नाही. लेक नाही म्हणालो. आणि ट्रॅकच्या नावात जॅझ असला म्हणजे आत असतोच असं नाही.

तुमच्याच यादीतला ‘बग इन द बासबिन’ घ्या. ब्रिटनमधले डीजे ३३च्या जागी ४५च्या वेगाने तो वाजवत, म्हणजे जवळपास १.३५ पट. त्यातून फायदा कोणाला झाला? ड्रम अँड बास या तिथल्या वेगवान नाच-संगीताला. टेक्नो-जॅझच्या पाळण्यातलं पोर भलत्याच घरी वाढलं. आणि १९९९, २००३, २००९ हे सगळं लग्नानंतरचं. आधी मोठं व्हायचं आणि मग प्रतिष्ठित आजोबा शोधायचे, ही रीत सगळ्याच संगीतांत आहे.

राइड सिंबल

मंद्रस्वर, मूळ मुद्द्यावर तुमच्याशी सहमत, पण तुम्ही कॉर्डमध्ये अडकलात. खरी भिंत आहे ती स्विंगची, म्हणजे लांब-आखूड स्वरांच्या झुलत्या जोडीची. यंत्रात चार मात्रांचं आवर्तन सोळा समान पायऱ्यांत भागलेलं असतं, त्या सोळा चौकटींच्या पट्टीवर स्विंग बसतच नाही. विषय संपला.

टीआर-९०९ या ड्रम मशीनची राइड (मोठी झांज) ऐका. त्या मशीनमध्ये किक (पायाने वाजवायचा मोठा ढोल), स्नेअर, टॉम हे ड्रम ॲनालॉग, पण हॅट, क्रॅश आणि राइड या झांजा म्हणजे ६ बिटचे सॅम्पल. राइडला दोनच नॉब, लेव्हल आणि ट्यून. प्रत्येक फटका तोच. वर एका वेळी राइडचा एकच फटका वाजू शकत असल्यामुळे पुढचा फटका आला की मागच्याची शेपटी कापली जाते. खऱ्या राइडवर आधीचा निनाद चालू असतानाच पुढचा फटका पडतो, त्यातून जो सलग पडदा तयार होतो त्यावर अख्खा बँड उभा असतो. जॅझ ड्रमर केनी क्लार्कने ताल किकवरून उचलून राइडवर नेला तो याच पडद्यासाठी. ज्या मशीनला हा पडदाच विणता येत नाही तिच्या संगीताला जॅझची लेक म्हणायचं?

सोळावी पायरी

‘विषय संपला’ म्हणून वर आणखी एक परिच्छेद लिहिलात, त्यावरून तो संपला नसावा.

राइडबद्दल १०० टक्के मान्य. ९०९ची राइड सोळाव्यांवर (मात्रेच्या चौथ्या भागांवर) लावली की पत्र्यावर गारा. म्हणून शहाणी माणसं ती मात्रेच्या मध्यावर, चार मात्रांत चारदाच ठेवतात, शेपटीला जागा मिळते. पण ‘पट्टीवर स्विंग बसत नाही’ हे साफ चूक. रॉजर लिनच्या ड्रम मशीनांत स्विंग आधीपासून आहे. १९८८च्या एमपीसी-६० मध्ये एका मात्रेचे ९६ टिक. दोन सोळाव्यांच्या जोडीला ४८ टिक. ५० टक्के म्हणजे दुसरा सोळावा बरोबर २४व्या टिकवर, ५४ला २६व्या, ५८ला २८व्या, ६६ला ३२व्या, म्हणजे ट्रिप्लेटच्या (तीन समान भागांतल्या तिसऱ्याच्या) जागी.

१३० बीपीएमला (मिनिटाला १३० मात्रा) मात्रा ४६१.५ मिलिसेकंदांची, सोळावा ११५.४चा. ५४ टक्क्यांत सरक ९ मिलिसेकंदांची, ५८ला साडेअठराची, ६६ला ३८च्या आसपास. नवशिके ६६ लावतात, ट्रॅक लंगडतो आणि मग म्हणतात स्विंग मशीनला जमत नाही. नाचता येईना अंगण वाकडे. टेक्नोची खरी जागा ५२ ते ५८च्या दरम्यान आहे.

आणि जिथे लोक हमखास आपटतात ते सांगतो. स्विंग फक्त सम क्रमांकाच्या पायऱ्या सरकवतो. किक १, ५, ९, १३वर, ती जागची हलत नाही. हॅट ५८ टक्क्यांवर सरकली. आता पहिल्या पायरीवरच्या स्नेअरवर डॉटेड आठव्याचा डिले (तीन सोळाव्यांनंतरचा प्रतिध्वनी) लावा. तो सरळ मोजतो, ३४६ मिलिसेकंद, आणि प्रतिध्वनी पडतो चौथ्या पायरीच्या सरळ जागी. हॅट मात्र तिथून साडेअठरा मिलिसेकंद पुढे. दोन आवाज एकमेकांच्या अंगावर पडतात, फ्लॅम होतो, आणि माणूस रात्रभर ईक्यू फिरवत बसतो. उपाय म्हणजे डिलेचं सिंक बंद करून हाताने ३६५ टाकणे. पण फीडबॅक इतका कमी ठेवा की एकच प्रतिध्वनी ऐकू येईल. कारण दुसरा ७३०वर येतो आणि सातवी पायरी असते ६९२वर. पुन्हा ३८ मिलिसेकंदांचा घोळ.

राइड सिंबल

कॅल्क्युलेटरबद्दल अभिनंदन. पण तुम्ही जे मोजलंत तो जॅझचा स्विंगच नाही.

जॅझ आठव्यांवर (अर्ध्या मात्रांवर) स्विंग करतो. तुमचं यंत्र सोळाव्यांवर. ते आलंय फंकमधून आणि हिप-हॉपमधून, जॅझ ड्रमर एल्विन जोन्सकडून नाही. दुसरं, जॅझमध्ये ते प्रमाण एका आकड्यावर बसत नाही. ड्रमरांची रेकॉर्डिंग मोजून झाली आहेत. मंद लयीत लांब-आखूडचं गुणोत्तर साडेतीनास एकपर्यंत जातं आणि लय चढेल तसं उतरत अतिद्रुतात एकास एकपर्यंत येतं. तिसरं, एकल वाजवणारा ड्रमरच्या मात्रेच्या मागे पडतो पण मात्रेतल्या दुसऱ्या आठव्याला त्याच्याशी बरोबर जुळतो. म्हणजे एकाच बँडमध्ये एकाच क्षणी दोन वेगवेगळी गुणोत्तरं. एका नॉबमध्ये हे मावणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

सोळावी पायरी

थांबा, थांबा. तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलात.

१३० बीपीएमचे सोळावे म्हणजे २६० बीपीएमचे आठवे. लांबी तीच, ११५ मिलिसेकंद. आणि २६०ला तुमचे ड्रमर काय करतात? तुम्हीच लिहिलंत, गुणोत्तर एककडे उतरतं. ५४ टक्के म्हणजे ५४ भागिले ४६, १.१७. ५८ म्हणजे १.३८. द्रुत जॅझ ज्या बाजूला झुकतो त्याच बाजूला टेक्नोवाले निव्वळ कानाने पोचले, आणि ६६ला नाकं मुरडतात तीही त्याच कारणाने. त्या वेगात ट्रिप्लेटची चाल लंगडी वाटते, ड्रमरलाही आणि यंत्रवाल्यालाही.

राहिला एकल वाजवणाऱ्याचा मुद्दा. करता येतो. हॅटचा स्विंग ५६ ठेवा. बासलाइनचा ट्रॅक वेगळा घ्या, तिच्या विषम पायऱ्या १२ ते १५ मिलिसेकंद मागे ओढा आणि सम पायऱ्या हॅटशी बरोबर जुळवून ठेवा. अख्खा ट्रॅक मागे ओढू नका. ही चूक सगळे करतात आणि मग बास ‘निवांत’ न वाटता उशिरा आल्यासारखी वाटते.

राइड सिंबल

तर शेवटी माणसाने मोजून यंत्रात घातलं. यंत्राने वाजवलं नाही.

सोळावी पायरी

यंत्र वाजवतं असं कोण म्हणालं? ड्रमची काठीही स्वतः वाजत नाही.

राइड सिंबल

ही असली शाब्दिक कोटी म्हणजे मुद्दा संपल्याची पावती. २६०चं गणित बरोबर आहे एवढं मान्य, पुढचं नाही.

कोरी पट्टी

अवांतर : ‘जॅझ-टेक्नो’ या नावाखाली जे खपवलं जातं त्यातला निम्मा माल म्हणजे चार मात्रांच्या किकवर चिकटवलेला सॅक्सोफोन. हा प्रकार कोणीतरी बंद करा.

का फसतो ते उघड आहे. खालचा लूप आठ मिनिटं एकाच कॉर्डवर. सोलो वाजवणाऱ्याला चढायला जिना नाही, म्हणून तो दुसऱ्या मिनिटाला सर्वांत वरच्या पट्टीत किंचाळायला लागतो आणि उरलेली सहा मिनिटं तिथेच. वर मिक्सवाला सॅक्सवर लांब रिव्हर्ब (घुमारा) ओततो. १३०ला दोन मात्रांमध्ये अर्ध्या सेकंदाहून कमी जागा, रिव्हर्ब अडीच सेकंदांचा, म्हणजे पाच मात्रांची शिळी वाफ कायम तरंगत राहते. आधी रिव्हर्ब पाऊण सेकंदावर आणा आणि तो सुरू व्हायच्या आधी ४० मिलिसेकंदांचा प्री-डिले द्या, मग शैलींच्या मीलनाबद्दल बोला.

मंद्रस्वर

+१. लेखात ‘सॅक्सोफोनचा उष्ण श्वास’ असं वाक्य होतं, ते मी सभ्यपणाने गाळलं होतं.

गंजका फिल्टर

सॅक्सचं सोडा, त्याची आणि किकची गाठ तरी पडत नाही. खरा अपघात डबल बासचा होतो आणि त्यावर कोणी बोलत नाही.

वॉकिंग बास प्रत्येक मात्रेला एक स्वर वाजवते. टेक्नोची किक प्रत्येक मात्रेला एक. दोघी दर वेळी एकाच क्षणी, एकाच खोलीत. डबल बासची खालची ई तार ४१ हर्ट्झ, ए ५५. किकचं बूड पन्नासच्या आसपास. परिणाम असा की काही स्वरांना किक फुगते, काहींना नाहीशी होते, आणि बासवाला काय वाजवतोय ते कोणालाच कळत नाही. स्विंगच्या जमान्यातही ड्रमर चारही मात्रांना किक वाजवत, पण ती इतकी हलकी, की ऐकू येण्यापेक्षा जाणवायची. तिने बासला बूड दिलं, तिची जागा घेतली नाही.

उपाय : वॉकिंग सोडा. बासचे स्वर मात्रेच्या मध्यावर न्या, १३०ला किकनंतर २३१ मिलिसेकंदांनी. किकचा डिके इतका कमी करा की २००च्या आत ती संपेल. बासवर माइक लावू नका, पिकअप लावा. सब-वूफरच्या आवाजाने बासचं लाकडी पोट घुमतं आणि फीडबॅक सुरू होतो. एफच्या आकाराच्या भोकांत फोम, ४० हर्ट्झखाली कट, आणि तरीही घुमलं तर पोलॅरिटीचं बटण उलटं करून पाहा. एवढं करूनही घुमत असेल तर स्टेजवरची बासवाल्याची जागा बदला, ईक्यूला शिव्या देऊ नका.

यातून धाग्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं असं मला वाटतं. जॅझमधली बास आणि टेक्नोतली किक यांना एकच काम हवं आहे. म्हणून दोन्ही एकत्र आणताना नेहमी एकाला आपली नोकरी सोडावी लागते.

तिसरी टर्नटेबल

ताई, नोकरी सोडणं म्हणजेच नातं! मोरित्झ फॉन ओस्वाल्ड ट्रिओ ऐका, २००९चं ‘व्हर्टिकल असेंट’. ससु रिपात्ती धातूच्या वस्तू बडवतोय, माक्स लोडरबाउअर सिंथवर, आणि चार मात्रांची किक जवळपास गैरहजर. २०१५ला त्याच त्रिकुटात नायजेरियन ड्रमर टोनी ॲलन आला. २०१८ला टोनी ॲलन आणि जेफ मिल्स, ‘टुमॉरो कम्स द हार्वेस्ट’. तिथे ९०९ आणि खरा ड्रमसेट शेजारी शेजारी.

राइड सिंबल

टोनी ॲलन आफ्रोबीटचा. तोही जॅझ ऐकून घडला, ठीक. पण मला सांगा, त्या जोडीत क्लॉक, म्हणजे लय ठरवणारी घड्याळाची टिकटिक, कोणाची? मशीनची. ड्रमर क्लॉकला बांधला की जॅझ मेला.

गंजका फिल्टर

मग क्लॉक ड्रमरला द्या. करून बघा काय होतं.

ड्रमरच्या किकवर ट्रिगर (फटका ओळखणारा सेन्सर) बसवला आणि त्यावरून यंत्राने टेम्पो काढायचा. उत्तम ड्रमरचाही एखादा फटका १० मिलिसेकंद लवकर पडतो. ४६१.५च्या जागी ४५१.५, म्हणजे यंत्राला वाटतं टेम्पो १३३ झाला. पुढचा फटका जागेवर आला की पुन्हा खाली. सीक्वेन्सर उचक्या देतो आणि टेम्पोला बांधलेला डिले असेल तर त्याचा सूर वरखाली वाकतो. हे टाळायला आठ मात्रांची सरासरी घ्यावी लागते. मग यंत्र ड्रमरचं ऐकतं, पण पूर्ण जुळायला ३.७ सेकंद लावतं. तोवर ड्रमर भलतीकडे गेलेला. दोघंही एकमेकांचा पाठलाग करत टेम्पो झोपाळ्यासारखा हलवतात.

म्हणून क्लॉक मशीनकडे ठेवतात. जॅझला मारण्यासाठी नव्हे. आणि ड्रमरला ती नीट ऐकवली तर तो बांधलाही जात नाही. चूक होते ती क्लिक मात्रेवर ठेवण्यात. ड्रमर जितका अचूक तितकी क्लिक त्याच्याच फटक्याखाली झाकली जाते. ती ऐकू येते फक्त तो चुकल्यावर, म्हणजे चूक दाखवणारा मास्तर डोक्यावर बसवल्यासारखं. क्लिक मात्रेच्या मध्यावर ठेवा, किंवा क्लिक काढून सोळाव्यांचा शेकर द्या. मग त्याला मात्रेच्या पुढेमागे झुकायला जागा मिळते. आणि ते कानातल्या मॉनिटरमधूनच. स्टेजवरचा स्पीकर ३ मीटरवर असेल तर आवाज पोचायलाच ९ मिलिसेकंद जातात. सोळावी पायरी यांचा ५४ टक्क्यांचा स्विंग फुकटात, आणि तोही नको तिथे.

सोळावी पायरी

दंडवत. फक्त एक भर : संगणकाच्या साउंड कार्डचा बफरही मोजा. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलांचा बफर म्हणजे आणखी ५.३ मिलिसेकंद, आणि आत-बाहेर दोन्ही वाटेला.

राइड सिंबल

सगळं मान्य करूनही माझा प्रश्न तसाच. यंत्र ड्रमरचं ऐकतं का? नाही. ज्या संगीतात एक बाजू बहिरी आहे त्याला संवाद म्हणत नाहीत.

तिसरी टर्नटेबल

यंत्राच्या नॉबवर माणूस असतो हो! आणि तो बहिरा नसतो. तुमचा पूर्वग्रह मात्र ठार बहिरा आहे.

राइड सिंबल

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

मंद्रस्वर

व्यक्तिगत नको. आणि आता उत्स्फूर्ततेवर येऊच. लेखात म्हटलंय, डीजे ‘क्षणात निर्णय घेतो’. क्षणात निर्णय रस्ता ओलांडणाराही घेतो. फिल्टर उघडणं म्हणजे इंप्रोव्हायझेशन नव्हे. ३२ आवर्तनं लूप चालू, फिल्टरचा कटऑफ हळूहळू वर, सगळ्यांना माहीत काय येणार. जॅझमध्ये सोलो घेणारा चुकला तर बँड त्या चुकीला धरून पुढे जातो. लूप चुकतच नाही, तर पुढे कशाला धरून जाणार?

तिसरी टर्नटेबल

लूप चुकत नाही? तीन टर्नटेबल कधी एकत्र चालवलेत का, असं विचारणार होतो, पण आकडेच देतो.

१३३ बीपीएमला ३२ आवर्तनं म्हणजे १२८ मात्रा, ५८ सेकंदांच्या आसपास. पिचच्या फेडरमध्ये (रेकॉर्डचा वेग ठरवणाऱ्या सरकपट्टीत) ०.१ टक्क्याचा फरक राहिला तर शेवटाला दोन रेकॉर्ड ५८ मिलिसेकंदांनी फाकतात, अर्धा सोळावा. दोन किकांचा घोड्याच्या टापांसारखा आवाज येतो. फाकायला लागलं की बोटाने प्लॅटरला ढकलायचं किंवा स्पिंडलला चिमटीत धरायचं, तेवढ्यात तिसरं रेकॉर्ड कानात लावायचं. जेफ मिल्स हे तीन रेकॉर्डवर करतो आणि शेजारी ९०९ हाताने वाजवतो. मशीन चालू असतानाच पायऱ्या टाकतो, काढतो, एकेक आवाज बंद-चालू करतो, लेव्हलचे नॉब फिरवतो. ९०९ला प्रीसेट आवाज नाहीत, नॉब जिथे आहे तिथेच आवाज. चुकीची पायरी दाबली गेली तर ती पुढच्या आवर्तनात परत येणार, दोन सेकंदांच्या आत. तिला काढायचं, की शेजारी आणखी एक टाकून तिचा ठेका करायचा? हेच तुमचं ‘चुकीला धरून पुढे जाणं’.

मंद्रस्वर

मिल्सचं उदाहरण दिलंत म्हणजे मला गप्प बसवलंत असं तुम्हाला वाटतंय. बरं, बसलो. मिल्सपुरता. बाकीच्या नव्व्याण्णवांचं काय, जे यूएसबी स्टिकवर आधीच जुळवलेला सेट घेऊन हात वर करून नाचतात?

कोरी पट्टी

बाकीच्या नव्व्याण्णव सॅक्सोफोनवाल्यांचंही तेच. पाठ केलेले तुकडे, बारा पट्ट्यांत.

उलटा प्रवाह

उशिरा आलो. सगळे एकाच दिशेने का भांडताय? टेक्नोत जॅझ किती हे शोधताय, जॅझमध्ये टेक्नो किती हे कोणी पाहिलं नाही.

जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉक, १९७४, ‘डेडिकेशन’वरचं ‘नोबू’. टोकियोत ध्वनिमुद्रित, सिंथचा क्रम यंत्रासारखा फिरत राहतो आणि वर तो एकटा वाजवतोय. ‘क्लिअर’च्या ९ वर्षं आधी. त्याआधी १९७३चं ‘सेक्स्टंट’, पॅट्रिक ग्लीसन एआरपी २६०० सिंथेसायझर घेऊन बसलेला. माइल्स डेव्हिसचं १९६९चं ‘इन अ सायलेंट वे’ : दुसऱ्या बाजूची सुरुवात निर्माता टिओ मसेरोने टेप कापून जशीच्या तशी शेवटाला जोडली. वाजवलेलं नाही, चिकटवलेलं. म्हणजे लूप.

मंद्रस्वर यांच्या स्टॅबबद्दलही. एकच आकार वरखाली नेणं जॅझचं नाही? माइल्सचंच ‘सो व्हॉट’, १९५९. १६ आवर्तनं डी, ८ आवर्तनं अर्धा स्वर वर ई फ्लॅट, पुन्हा ८ डी. अख्खा आकार उचलून अर्ध्या स्वराने वर ठेवलाय. बीपर्यंत उतरणारा तुमचा सी तिथेही नाही. माइल्स लेक नव्हता म्हणता का?

आणि उलट टोक हवं असेल तर डॉन ऑफ मिडीचं २०१३चं ‘डिस्नोमिया’. पियानो, डबल बास, ड्रम. एकही यंत्र नाही, एकही सोलो नाही, सगळं आधी ठरवलेलं, आणि ऐकायला टेक्नो. व्हिएन्नाचे एलेक्ट्रो गुत्सी गिटार-बास-ड्रमवर तेच करतात. राइड सिंबल यांच्या व्याख्येने हे जॅझ, कारण माणसं एकमेकांचं ऐकतायत. मंद्रस्वर यांच्या व्याख्येने नाही, कारण उत्स्फूर्त काही नाही. तुम्ही दोघं एकाच बाजूला होतात ना?

राइड सिंबल

‘डिस्नोमिया’ जॅझ नाही.

मंद्रस्वर

एकमेकांचं ऐकण्यात तरी तो तुमच्या कसोटीला उतरतो. तुमचीच कसोटी, मी नाही लावली.

‘सो व्हॉट’चा मुद्दा मात्र चांगला आहे आणि मला त्याचा राग आलाय. मोडल जॅझपुरतं (एकाच स्वरसप्तकावर रेंगाळणारा तो प्रकार) समांतर कॉर्डचं मागे घेतो. ‘जॅझी कॉर्ड म्हणून लेक’ हे मागे घेत नाही, कारण लेखकाला ‘सो व्हॉट’ अभिप्रेत नव्हतं, त्याला ‘जरा उदास वाटतं ते’ अभिप्रेत होतं.

राइड सिंबल

मी काही मागे घेत नाही. एकच विचारतो, सोळावी पायरी यांना. बासच्या विषम पायऱ्या १५ मिलिसेकंद मागे आणि गंजका फिल्टर यांचा २००च्या आत संपणारा किकचा डिके. म्हणजे किक संपायच्या आधीच विषम पायरीवरची बास सुरू होते. मग दोघींची टक्कर टळली कशी?

सोळावी पायरी

१, ५, ९, १३ या पायऱ्यांवर बास ठेवायचीच नाही. ३, ७, ११, १५ मागे ओढायच्या, त्या किकनंतर २३१ अधिक १५, म्हणजे २४६वर पडतात. डिके २००, शिल्लक ४६.

राइड सिंबल

आणि पहिल्या मात्रेला बास नाही?

गंजका फिल्टर

नाही.

राइड सिंबल

मग बासवाला मागे पडतोय हे कशाच्या तुलनेत कळणार? पहिल्या मात्रेला तो वाजवतच नाही.

सोळावी पायरी

हॅटच्या. ती सम पायऱ्यांवर आहे आणि बासच्या सम पायऱ्या तिच्याशी जुळलेल्या आहेत. थांबा, २ आणि ४वर बास ठेवली तर २ किकच्या शेपटीत येते. चौथीवरच ठेवा, सहावीवर नको. उद्या पूर्ण पट्टी टाकतो.